अधिवेशनांचा पैसा, आजारी मुलांचे संशोधन

अमेरिकेत प्राप्तिकराच्या विवरणपत्रात एक लहानसा चौकोन असतो. त्यावर खूण केली, की करदात्याने भरलेल्या करातले तीन डॉलर अध्यक्षीय निवडणुकीच्या सार्वजनिक निधीत जातात. कर मात्र वाढत नाही. १९७६ पासून याच निधीतून दोन्ही मोठ्या पक्षांच्या राष्ट्रीय अधिवेशनांनाही पैसे मिळत. २०१२ मध्ये ते प्रत्येकी सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलर होते. उमेदवार महिनोन् महिने आधी ठरलेला असताना चालणाऱ्या फुगे-रोषणाईच्या सोहळ्यासाठी!

३ एप्रिल २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने हे बंद केले आणि बालरोग संशोधनासाठी दरवर्षी १ कोटी २६ लाख डॉलर, अशी दहा वर्षांची तरतूद मंजूर केली. व्हर्जिनियातील गॅब्रिएला मिलर या मुलीचे नाव कायद्याला दिले गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये, दहाव्या वर्षी, ती मेंदूच्या गाठीने गेली. आजारपणात ती बालकर्करोगाच्या संशोधनासाठी जाहीरपणे बोलत राहिली होती.

तिचा आजार, डीआयपीजी, मेंदूच्या देठात होतो. श्वास आणि हृदयाचे ठोके जिथून सांभाळले जातात, त्याच पेशींत ही गाठ गुंतलेली असते. त्यामुळे ती कापून काढता येत नाही. किरणोपचाराने काही महिने आराम पडतो. निदानानंतर बहुतेक मुले साधारण वर्षभरच जगतात. रुग्ण थोडे, म्हणून औषध कंपन्यांना बाजारपेठ छोटी. अशा ठिकाणी सरकारी पैशाला पर्याय नसतो.

तरीही प्रतिनिधिगृहात २९५ विरुद्ध १०३ असे मतदान झाले. विरोधकांत जवळपास सारे डेमोक्रॅट होते, आणि त्यांना निर्दयी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे (एनआयएच) वार्षिक अंदाजपत्रक तेव्हा सुमारे ३ हजार कोटी डॉलर होते आणि त्याच २०१३ मध्ये सक्तीच्या कपातीत त्यातून दीडशे कोटींहून अधिक काढून घेतले गेले होते. त्यापुढे नवी रक्कम म्हणजे शंभर डॉलरमागे चार सेंट. शिवाय कायद्याने केवळ मुभा दिली. पैसा दरवर्षी अंदाजपत्रकात वेगळा मंजूर करून घ्यावाच लागणार होता.

हा आक्षेप खरा होता. कपात करणाऱ्या सभागृहाला एका मुलीच्या नावाआड उभे राहता आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आक्षेप खरा असला तरी विरोधी मत चुकीचेच होते, कारण थोडी रक्कम नेमक्या जागी पडली तर काय होते ते पुढे दिसले. या पैशातून ‘किड्स फर्स्ट’ कार्यक्रम उभा राहिला. बालकर्करोग किंवा जन्मजात व्यंग असलेले मूल आणि त्याचे आईवडील यांची जनुकीय माहिती वाचून ती संशोधकांसाठी एका ठिकाणी ठेवली जाते. दोन्ही आजार एकत्र घेण्यामागे कारण आहे: काही जन्मजात व्यंगे असलेल्या मुलांत कर्करोगाचा धोका जास्त आढळतो. एकेका रुग्णालयाकडे दुर्मिळ आजाराची मोजकीच मुले येतात. ती माहिती आपापल्या कपाटात राहिली तर कोणाच्याच कामाची नाही.

राजकारणातला पैसा मात्र कमी झाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसने खर्चाच्या एका मोठ्या विधेयकात तरतूद घुसवली आणि पक्षांना अधिवेशनांसाठी स्वतंत्र खाते काढता आले. एका देणगीदाराकडून वर्षाला ९७,२०० डॉलरपर्यंत घेण्याची सोय झाली. तीन-तीन डॉलरची जागा धनिकांनी घेतली. याचा दोष संशोधनाकडे जात नाही, पण कायद्याचे गोडवे गाताना ही बाजू सहसा गाळली जाते.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर कार्यक्रम टिकवण्यासाठी रुग्ण-पालकांच्या संघटनांना पुन्हा झगडावे लागले. मुदतवाढ २०२४ च्या अगदी अखेरच्या दिवसांत मंजूर झाली, आणि तीही वर्षाला १ कोटी २६ लाख डॉलरचीच. दशकभरात महागाई कुठल्या कुठे गेली. आकडा जागचा हलला नाही.