सहीचे ओझे

मसुरीच्या लालबहादूर शास्त्री प्रबोधिनीतून दर वर्षी तरुण सनदी अधिकारी बाहेर पडतात आणि उमेदवारीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पांगतात. आपल्या गोव्यातही नव्याने निवडलेली मुले जुन्या गोव्याजवळील एला येथील संस्थेत धडे घेतात आणि पुढे मामलेदाराच्या खुर्चीवर बसतात. हे तरुण बुद्धिमान असतात, कायद्याची कलमे त्यांना मुखोद्गत असतात आणि त्यांच्यातील बहुतेकांच्या मनात काही चांगले करून दाखविण्याची उमेद असते, याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, अधिकार कसा चालवावा हे त्यांना जितक्या काळजीने शिकविले जाते, तितक्याच काळजीने त्याचे वजन किती असते हेही कोणी त्यांना सांगते काय?

गोमंतकीयांना हे वजन पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकेवरदेखील सेन्सॉरची नजर असे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया सभेत बोलावयास आले, तेव्हा तेथील प्रशासकाने पिस्तूल उपसले आणि लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूस सारले. त्या एका क्षणात सत्ता कोणाकडे आणि नैतिक बळ कोणाकडे, हे जमलेल्या लोकांना उमगले. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली. पण सरकारी कचेरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताना सामान्य माणसाच्या छातीत जी धडधड होते, ती मात्र त्या दिवशी संपली नाही. ती आजही संपलेली नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

सुभाषचंद्र बोस यांनी इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि उमेदवारीच्या काळातच, एप्रिल १९२१ मध्ये, त्या नोकरीचा राजीनामा दिला. परकीयांच्या वतीने स्वकीयांवर अधिकार गाजवावयाचा नाही, हा त्यांचा निर्णय होता. पुढे २१ एप्रिल १९४७ रोजी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये नव्या प्रशासकीय सेवेच्या उमेदवारांपुढे बोलताना सरदार पटेलांनी त्यांना बजाविले की, पूर्वीचे अधिकारी जनतेपासून दूर राहिले, तुम्ही तिला आपली मानावयाची आहे. २००६ पासून हाच दिवस नागरी सेवा दिन म्हणून पाळला जातो. सुभाषबाबूंच्या काळी सदसद्विवेकाची मागणी खुर्ची सोडण्याची होती. आज ती खुर्चीवर बसून राहण्याची आणि तेथे जे जे आपल्या हातून घडते, त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेण्याची आहे. दुसरी मागणी पहिलीपेक्षा सोपी आहे, असे कोणी समजू नये.

अधिकाराचा दुरुपयोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाचखोरी येते किंवा लाठीमार येतो. आमच्या मते तरुण अधिकाऱ्याने सर्वांत आधी भ्यावे ते याहून कितीतरी साध्या दिसणाऱ्या अधिकाराला. तो म्हणजे पुढची तारीख देण्याचा अधिकार.

मुंडकारांचेच उदाहरण घ्या. १९७५ च्या कायद्याने भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला निष्कासनापासून संरक्षण मिळाले आणि ते राहते घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला. हा हक्क कागदावर उतरवावयाचा तो मामलेदाराने. पण मामलेदार निवडणुकीच्या कामात असतो, बंदोबस्तावर असतो, बैठकीला गेलेला असतो. कधी वकील येत नाही, कधी तलाठ्याचा अहवाल येत नाही. मग कारकून तारीख सांगतो आणि पक्षकार आल्या पावली परत जातो. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या मजुराची त्या दिवसाची रोजंदारी बुडते, बसभाडे जाते. अर्ज बापाने केला आणि सुनावणीला नातू उभा आहे, अशी प्रकरणे गोव्यात अपरिचित नाहीत. तोवर छपराची कौले बदलावयाची झाली तरी घर आपले की परक्याचे, या विवंचनेत ते कुटुंब जगत असते. यात कोणी पैसे खाल्लेले नसतात, कोणी कायदाही मोडलेला नसतो. तरीही अन्याय झालेला असतो आणि त्याखाली कोणाची सही नसते.

भाटकारालाही न्याय हवाच. सारेच भाटकार धनाढ्य नसतात. एखादी विधवा वाडवडिलांच्या तुटपुंज्या बागायतीवर गुजराण करीत असते आणि दावा खोटा असल्यास तो तत्परतेने फेटाळला जाणे हा तिचा हक्क आहे. देवस्थानांचेही असेच. १९३३ च्या नियमावलीनुसार देवस्थानांवर देखरेख करणारा प्रशासक मामलेदारच असतो. महाजनांचा तंटा वेळीच ऐकून घेतला नाही, तर उत्सवाच्या तोंडावर गाव दुभंगतो आणि मग त्याच अधिकाऱ्याला दंडाधिकारी या नात्याने मनाईहुकूम काढण्याची पाळी येते. लहान अधिकार वेळेवर वापरला नाही की मोठा अधिकार वापरावा लागतो, हे प्रशासनाचे जुने दुखणे आहे.

कामाचा बोजा प्रचंड आहे, कर्मचारी अपुरे आहेत, वरून दूरध्वनी येतात, हे सारे खरे आहे आणि त्यावर उपाय करणे हे सरकारचे काम आहे. मामलेदाराला सतरा कामांना जुंपून न्यायदान हे त्याचे अठरावे काम करून ठेवणाऱ्या सरकारला तरुण अधिकाऱ्यांना नीतीचे पाठ देण्याचा अधिकार पोहोचत नाही. पण या अडचणी असतानाही काही गोष्टी सर्वस्वी त्या अधिकाऱ्याच्या हाती उरतात. तारीख द्यावी लागली, तर ती कारकुनाने न सांगता त्याने स्वतः, पक्षकाराच्या तोंडाकडे पाहून द्यावी आणि तिचे कारण नोंदवून त्याखाली सही करावी. निकाल हरणाऱ्यालाही समजेल अशा भाषेत सांगावा. ज्या घराविषयी निर्णय द्यावयाचा, ते घर शक्यतो एकदा डोळ्यांनी पाहून यावे. आणि उमेदवारीच्या काळात काही दिवस तरी खुर्चीवर नव्हे, तर बाहेर व्हरांड्यातील बाकावर पक्षकारांबरोबर बसून काढावेत. प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात या बाकाचा समावेश व्हावा, अशी आमची सूचना आहे.

प्रबोधिनीचे ब्रीदवाक्य शीलाला परम भूषण मानते. शील हे मोठ्या प्रसंगी कसाला लागते, हा समज अपुरा आहे. कचेरीत ते दिवसातून पन्नास वेळा, प्रत्येक कागदावर कसाला लागते. सही करताना ज्याचा हात क्षणभर जड होतो, त्या तरुणाच्या हाती गोव्याचा एखादा तालुका निर्धास्तपणे सोपवावा. ज्याचा हात पहिल्याच वर्षी हलका झाला, त्याच्याविषयी मात्र त्याच्या वरिष्ठांनी वेळीच चिंता करावी.