ऑक्टोबर हीटचा ट्रॅक कुठंय?

ऑक्टोबर उजाडला की आपल्या प्लेलिस्टमध्ये 'ऑटम' येतो. कव्हरवर केशरी पानं, धुकं, स्वेटर आणि कॉफीचा मग. आत एकापाठोपाठ एक डीप हाऊसचे ट्रॅक. आणि आपण ते ऐकतो कुठे? लोकलमध्ये, टीशर्ट घामाने पाठीला चिकटलेला असताना!

ट्रॅकबद्दल तक्रार नाही. मी स्वतः त्यातले काही लूपवर ऐकते. पण दरवर्षी प्रश्न पडतो, हा मूड आपला आहे का?

आधी तो तयार कसा होतो ते बघू. बीट नाचायचाच असतो. हाऊसमध्ये मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोके, प्रत्येक मात्रेवर किक. उदासी येते ती त्यावर रचलेल्या गोष्टींतून. मायनर कॉर्ड्स, फिल्टर लावून धारदारपणा काढलेला सिंथ, जो बंद दाराआडून आल्यासारखा वाटतो, आणि लांबवर विरत जाणारा रिव्हर्ब. पाय नाचत असतात, मन मात्र खिडकीत जाऊन बसलेलं असतं.

'पण डान्स फ्लोअरवर उदास व्हायला कोण जातं?' असं कुणी विचारलं की मी रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन' ऐकवते. 1995 चा ट्रॅक. शब्द नाहीत, पियानोची साधीशी धून आणि खाली बीट. तेव्हा इटलीत रात्रभर क्लबमध्ये नाचून पहाटे गाडीने घरी निघालेली तरुण मुलं अपघातात जात होती. सेटच्या शेवटी त्यांना जरा शांत करून घरी पाठवावं, हा या ट्रॅकमागचा एक हेतू. दुसरी प्रेरणा होती युगोस्लाव्हियातल्या युद्धात होरपळलेल्या मुलांचे फोटो, जे माइल्सच्या वडिलांनी तिथून आणले होते. 1996 मध्ये हा ट्रॅक युरोपभर गाजला. म्हणजे त्याची उदासी उसनी नव्हती. आजूबाजूला जे घडत होतं, त्यातूनच ती आली होती.

मग आपल्या आजूबाजूला काय आहे? आपला शरद आहे. दुपारी डोकं तापवणारं ऊन आणि संध्याकाळी विजा कडाडत येणारा परतीचा पाऊस. कापणीला आलेलं भात. गच्चीवरचं कोजागरीचं दूध. नवरात्र संपल्यावर दुसऱ्याच दिवशी ओकंबोकं वाटणारं गरब्याचं मैदान. दिवाळीच्या सुट्टीत एकेक करून रिकामं होणारं हॉस्टेल. यात हुरहुर कमी आहे का? आणि पानगळच हवी असेल तर तीही आहे, फक्त ती ऑक्टोबरात नाही, शिशिरात येते. माघ-फाल्गुनात एकीकडे पानं झडत असतात आणि दुसरीकडे पळस पेटलेला असतो.

मराठीत हे जमणार नाही, असं तर आता कुणी म्हणूच नये. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' आलं, तेही नेदरलँड्समधल्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या लेबलवरून. मराठी शब्द हाऊसच्या बीटवर मस्त बसतात, हे सगळ्यांनी नाचून मान्य केलं. फक्त आपल्या बीटला अजून धमालच जास्त जमते. मिरवणूक संपल्यावर रिकाम्या रस्त्यावरून चालत घरी जाताना जे वाटतं, ते त्यात फारसं ऐकू येत नाही.

हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर ट्रॅक बनवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगणं, की सॅम्पल पॅकमधला परदेशी पाऊस जरा बाजूला ठेवा. परतीचा पाऊस पत्र्यावर वाजेल तेव्हा फोन बाहेर धरा आणि रेकॉर्ड करा. भर दुपारी कुरकुरणारा पंखाही चालेल. खाली 122 चा बीट टाका आणि बघा काय होतं.

कव्हरवर मेपलचं पान मात्र नको.