काँक्रीटच्या धक्क्याची थोरवी

“काँक्रीटच्या धक्क्याला कसला आला आहे वारसा?” असे सुशिक्षितही विचारतात. लंडनच्या पूर्वेस टेम्सकाठी, डॅगनम येथे, सॅम्युएल विल्यम्स कंपनीचा चौथ्या क्रमांकाचा जुना धक्का आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील हे सळयांच्या काँक्रीटचे बांधकाम संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे, हे ऐकून अशांस हसू येते. आम्हांस त्या हसण्याचेच नवल वाटते.

फ्रान्समधील एनबिक यांनी आपल्या काँक्रीट-पद्धतीचे पेटंट घेतले १८९२ साली. तोवर धक्के बहुधा लाकडाचे वा लोखंडाचे असत. लाकूड किडे पोखरीत, लोखंड गंज खाई. सळई काँक्रीटच्या पोटात दडविली की दोन्ही संकटे टळतील, ही अटकळ. परंतु भेगेतून खारे पाणी शिरले, तर सळई गंजून फुगते व कवच फोडते. म्हणजे भरती-ओहोटीत रोवलेला प्रत्येक खांब ही एक पैजच होती. आणि ती लावली कोळशाच्या व्यापाऱ्यांनी, राजेरजवाड्यांनी नव्हे.

‘पण तो कुरूप आहे!’ असेल. शोभा हीच कसोटी मानली, तर जीर्ण हस्तलिखितेही रद्दीत घालावी लागतील. ‘नकाशे जपा, पुरे’ म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर असे की, नकाशा पैज कशी लागली ते सांगतो; ती जिंकली की हरली, हे खांबच सांगतो.

स्वान्सी येथील वीव्हर कंपनीची पिठाची गिरणी (१८९७-९८) ही ब्रिटनमधील या पद्धतीची आद्य इमारत. १९८४ साली ती पाडली गेली. पाडून झाल्यावर हळहळणे यास आम्ही रसिकता म्हणत नाही.