दोन पांढऱ्यांतला फरक

घराला रंग द्यायचा ठरलं, तेव्हा नवऱ्याने शेडकार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाला, "हे तुझं खातं. तूच ठरव." शेवटी दोन रंग उरले, मोतिया आणि क्रीम. मुलगा हसला, "आई, दोन्ही पांढरेच की!"

कार्डावर फरक दिसत नव्हता हे खरं. म्हणून रंगाऱ्याकडून स्वयंपाकघरात दोन्हींचे दोन-दोन फुटांचे तुकडे रंगवून घेतले, दोन-दोन हात देऊन. ते वाळल्यावर दोन दिवस पाहत राहिले. आमची खिडकी उत्तरेला, ऊन आत येत नाही. तिथे मोतिया सकाळी राखाडी आणि रात्री ट्यूबखाली निळसर दिसला. क्रीम मात्र दिवसभर उबदार राहिला. ओट्याशी तासन्‌तास उभ्या असणारीला हा फरक कळतो. फक्त जेवायला येणाऱ्याला नाही कळत.

फोडणीचे शिंतोडे मीच पुसणार, म्हणून डिस्टेंपर नको, धुता येणारा रंग हवा, हेही मीच सांगितलं. शिशाचंही विचारलं. २०१६च्या नियमांनुसार घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० भागच चालतात. नोव्हेंबर २०१७पासून ते लागू आहेत. पण त्याआधीच्या थरांचं काय? जुना रंग कोरडा घासला तर धूळ उडते. ती झाडणार कोण? आम्ही भिंत ओली करून घासायला लावली.

मैत्रिणींनो, हे ज्ञान क्षुल्लक नाही. ते घर रोज वापरण्यातून येतं. पण भिंतीचा रंग माझा आणि भिंत कुणाची? घराच्या कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव आहे. घर कुणाच्याही नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला दिला, तो मोलाचा आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे.

त्याच रात्री मी विचारलं, "रंग मी ठरवला. आता कागदावर माझंही नाव कधी लावायचं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "बघू." क्रीम रंग लागून सहा महिने झाले. मी दर महिन्याला विचारते आहे.

'बायकांचं खातं' म्हणून आपल्याला काय-काय दिलं जातं आणि काय हातचं राखलं जातं, याची यादी आपापल्या गटात करून पाहा. आणि आम्हाला जरूर कळवा.