पावतीवर न येणारा उपचार

अर्धांगवायूतून सावरणारा यंत्रमाग कामगार एका हाताने शर्टाची बटणं लावायला शिकतो. केसपेपरवर नोंद होते, पावती फाटते. त्याच बैठकीत बायको जरा बाहेर गेली की तो मान खाली घालून विचारतो, ‘आमचं नवराबायकोचं आता काय?’ व्यवसायोपचारतज्ज्ञ जाणती असेल तर दार लोटून घेते. कमजोर बाजूला उशीचा आधार कसा द्यायचा, थकवा नसेल अशी वेळ कशी निवडायची, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं, हे सगळं समजावते. वीस मिनिटं सहज जातात. कागदावर मात्र ‘सल्ला दिला’ एवढंच येतं, पावतीवर तेही नाही.

ही वीस मिनिटं लिहिली पाहिजेत आणि त्यांचे पैसेही लावले पाहिजेत. जे लिहिलेलं नाही ते पुढच्या तज्ज्ञाला कळत नाही, आणि फुकटातलं काम गर्दीच्या ओपीडीत सर्वांत आधी गळतं. आंघोळ, जेवण, कपडे याइतकीच जवळीकही माणसाच्या रोजच्या जगण्यातली क्रिया आहे. अमेरिकेतल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या आराखड्यात लैंगिक क्रिया दैनंदिन क्रियांच्या यादीतच आहे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, तोही विशेषतः दिव्यांग स्त्रियांसाठी. म्हणजे कायदा आहे. अडतं ते दरपत्रकापाशी. आरोग्य विमा बहुतेक करून दाखल रुग्णाचा विचार करतो, ओपीडीतल्या बैठकीचा खर्च खिशातूनच जातो.

लिहायला तज्ज्ञ कचरतात, त्यामागची भीती खरी आहे. सोलापुरात एका खोलीच्या घरात फाइल पत्र्याच्या पेटीवर पडलेली असते, दीर, सासू, शेजारी कुणीही चाळतं. म्हणून नोंद मोजकी हवी: ‘दैनंदिन क्रिया – जवळीक. अडचण – डावी बाजू कमजोर, लवकर थकवा. प्रशिक्षण – शरीराची स्थिती, दम राखणे. रुग्णाची संमती घेतली. वेळ २० मिनिटे.’ ही नोंद दवाखान्याच्या कुलपात राहावी. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या पावतीवर ‘दैनंदिन क्रियांचे प्रशिक्षण’ पुरे. ते खरंच आहे. ‘व्यायाम’ असं खोटं नाव मात्र लावू नये. उद्या कुणी तपासलं तर बिल आणि फाइल जुळणार नाहीत, आणि त्याचा त्रास रुग्णालाच होईल.

दाराआडचा हा प्रश्न बहुधा पुरुषच विचारतात. विड्या वळणाऱ्या बाईचे सांधे संधिवाताने आखडले, तर बोटं चालतात का हे तिला सगळे विचारतात. तिला रात्री कूस बदलताना, नवऱ्याजवळ जाताना काय दुखतं, हे तज्ज्ञानेच आपणहून, एकांतात विचारावं, आणि नको म्हणाली तर तिथेच थांबावं.