म्हाताऱ्यांचे पेन्शन कुठे अडते?

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिना १५०० रुपये मिळतात. पण अट पाहा : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहून कमी! जळगावच्या केळीबागेत किंवा धुळ्यात कापूस वेचणीला घरातले एक माणूस नियमित गेले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे खरे उत्पन्न सांगणारा गरीबच बाद होतो. मंजुरी मिळाली तरी आधार बँक खात्याला जोडलेले नसेल, तर डीबीटीचा हप्ता अडकतो.

१९३७ साली बाबासाहेब वकील म्हणून धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी ३१ जुलैला आपण तिथे अभिवादनाला जमतो. तो वारसा कागदपत्रांच्या लढाईतही चालवायला हवा.

म्हणून आमचे म्हणणे दोनच : शासनाने उत्पन्नमर्यादा वाढवावी, आणि ती वाढेपर्यंत प्रत्येक विहारात तरुणांनी रविवारी दोन तास बसावे. वस्तीतल्या ६५ वर्षांवरील आजी-आजोबांची यादी करा, अर्ज भरा, आधार जोडून द्या, हयातीचा दाखला वेळेत पोहोचवा. तहसीलच्या पायऱ्या त्यांनी एकट्याने का चढाव्यात?

जय भीम!