‘रिकामी आहे’ म्हणण्यापूर्वीं

खंडेनवमीला ज्या घरांत शस्त्रें पूजण्याची चाल आहे, तेथें वर्षभर कपाटांत पडून राहिलेली रायफल त्या दिवशीं बाहेर निघते. तिला पुसतात, हळदकुंकू वाहतात, आणि भोवतीं मुलें जमलीं कीं कोणी तरी वडील माणूस ती हातांत घेऊन म्हणतो, ‘भिऊं नका, रिकामी आहे.’ बंदुकीविषयीं बोलल्या जाणाऱ्या वाक्यांत याहून धोक्याचें वाक्य आम्हांस ठाऊक नाहीं. रिकामी असल्याची समजूत वेगळी आणि खात्री वेगळी. ही खात्री कशी करून घ्यावी, तें या वेळीं सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्याकडे सर्वांच्या कानांवरून गेलेलें नांव म्हणजे ‘थ्री-नॉट-थ्री’. जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टवर आधारलेली ही ली-एनफील्ड रायफल ब्रिटिश सैन्यानें १८९५ सालीं स्वीकारली. पुढें ती बंगाल्यांत ईशापूरच्या कारखान्यांतहि बनूं लागली. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायांच्या खांद्यावर तीच होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातीं होती ती हीच, आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तिला निरोप दिला तो जानेवारी २०२० मध्यें. .३०३ बोअर खाजगी माणसास कायद्यानें वर्ज्य आहे. परंतु त्याच घडणीची.३१५ बोअरची रायफल परवान्यानें मिळते, आणि जुन्या वतनदार घरांतून आढळते ती बहुधा हीच. दोघींची रचना एक, तेव्हां सावधगिरीहि एकच.

रायफल हातीं घेतांच तिच्या नळीचें तोंड निर्धोक दिशेस करावें. माडीची तक्तपोशी अथवा पातळ भिंत रायफलीच्या गोळीस अडवीत नाहीं, हें ध्यानांत असावें. बोट चापावर नव्हे, चापाच्या कड्याबाहेर दस्त्याला लागून सरळ असावें. नंतर प्रथम मॅगझिन काढावें आणि मग बोल्ट मागें ओढावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. बोल्ट ओढल्यावर नळींतील काडतूस बाहेर पडलेलें पाहून पुष्कळांचें समाधान होतें. पण मॅगझिन जागेवरच असेल, तर बोल्ट पुढें सारतांच खालचें दुसरें काडतूस नळींत जाऊन बसतें. म्हणजे ज्या क्षणीं आपण ती रिकामी झाली असें मानतों, त्याच क्षणीं ती भरते. म्हणून मॅगझिन काढून, बोल्ट उघडा ठेवून काडतुसाच्या घरांत उजेडांत पाहावें, आणि करंगळी घालून चांचपावेंहि.

दुसऱ्याच्या हातीं देतांना बोल्ट उघडाच असावा, आणि घेणाऱ्यानें पुन्हा तपासावी. काकांच्या हातून घेतलेली रायफल पुतण्यानें तपासली तर तो उद्धटपणा नव्हे. काकांनींच त्यास ती संवय लावावी. डाव्या अंगास असलेला सुरक्षेचा खटका मागें ओढला म्हणजे चाप अडतो खरा; पण साठसत्तर वर्षें झिजलेल्या खटक्यावर कोणाच्या प्राणाचा भार टाकूं नये.

जुनी रायफल प्रत्यक्ष झाडण्यापूर्वीं ती कसबी, परवानाधारक कारागिरास दाखवावी. या बोल्टची मूठ व रायफलीचें अंग यांवर एकच अंक असतो. अंक निराळे असतील तर बोल्ट बदललेला समजावा. बोल्टचें तोंड व काडतुसाचें बूड यांत केसभर अंतर अधिक पडलें, तरी पितळी टरफल तुटून तप्त वायु मागें उसळूं शकतो. बाह्य रूपावरून पोलादाची पारखहि होत नाहीं. अमेरिकेंतील १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफली कांहीं प्रसंगीं फुटूं लागल्या, तेव्हां असें आढळलें कीं, भट्टींतील पोलादाची उष्णता कामगार केवळ रंगावरून, डोळ्यांनीं ठरवीत. लख्ख उन्हाच्या दिवशीं तोच रंग फिका भासे, पोलाद प्रमाणाबाहेर तापे व ठिसूळ होई. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांतील ८ लक्षांच्या आंतील क्रमांकाच्या रायफली झाडूं नयेत, असें म्हणूनच सांगतात. आपल्याकडे ज्यांवर ‘डीपी’ अक्षरें असतात, त्या केवळ कवाइतीच्या. त्यांचाहि बार कधीं काढूं नये.

चाप ओढूनहि बार उडाला नाहीं, तर बोल्ट लगेच उघडूं नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबावें. जुन्या सैनिकी काडतुसांच्या टोपींतील द्रव्याचा क्षार नळींत उरतो व मिठाप्रमाणें हवेंतील ओल ओढून लोखंड खातो. तेलानें तो विरघळत नाहीं. ब्रिटिश शिपाई नळींत उकळतें पाणी ओतीत, मग ती कोरडी करून तेल लावीत. कोंकणच्या दमट हवेंत तर हें विसरूं नये.

काडतुसें व रायफल निरनिराळ्या कुलपांत असावीं, आणि किल्ल्या परवानाधारकाजवळच असाव्या. आणखी एक गोष्ट घरांतील स्त्रियांनींहि माहीत करून घ्यावी. परवानाधारक वारला कीं घरांत ती रायफल ठेवण्याचा अधिकार संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते. तेवढ्यानें वारसाचा हक्क बुडत नाहीं. परवाना मिळाल्यावर ती परत घेतां येते, किंवा अधिकारी माणसास विकतांहि येते. दुःखाच्या दिवसांत कागदपत्रें शोधण्याची पाळी येऊं नये, म्हणून परवाना कोठें आहे हें घरांतील दोघांतिघांस आजच सांगून ठेवावें.